रॅमचे टायमिंग: सीएल ३ म्हणजे नेमका किती वेळ?

पेंटियम ४ च्या यंत्रात मेमरी कंट्रोलर चिपसेटच्या नॉर्थब्रिजमध्ये असतो, म्हणून रॅमची सेटिंग बायोसमध्ये बहुधा 'ॲडव्हान्स्ड चिपसेट फीचर्स'खाली सापडते. तिथला 'कॅस लेटन्सी'चा आकडा हा वेळ नसून घड्याळाचे ठोके आहेत, हे आधी लक्षात घ्या. डीडीआर-४०० चे घड्याळ २०० मेगाहर्ट्झचे, म्हणजे एक ठोका ५ नॅनोसेकंदांचा. सीएल ३ असेल तर १५ नॅनोसेकंद, २.५ केल्यास १२.५. आता डीडीआर२-८०० घ्या: घड्याळ ४०० मेगाहर्ट्झ, सीएल ५. उत्तर पुन्हा १२.५! तेव्हा नुसते सीएल पाहून रॅमची तुलना करू नका.

'ऑटो' ठेवल्यास बायोस मॉड्यूलवरील एसपीडी चिपमधली मूल्ये वाचते. हाताने बदलायचे तर एका वेळी एकच मूल्य बदला. विंडोज सुरू झाली म्हणजे जमले, असे नाही. टायमिंग फार घट्ट झाले की एखादा बिट गुपचूप चुकीचा वाचला जातो आणि ती चूक तुमच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये जतन होते. घरगुती रॅममध्ये ती पकडणारे ईसीसी सहसा नसते. म्हणून प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६+ चालवा (मी रात्रभर ठेवायला सांगतो). एक जरी त्रुटी दिसली, तरी आधीच्या मूल्यावर परत या. पडदा काळाच राहिला, तर वीज पूर्ण काढून मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉस जंपर वापरा.