दगड कापणाऱ्या हातयंत्राचे स्टँड

स्वरूप

फरशी, वीट, काँक्रीट कापायला बांधकामावर दोन हातयंत्रे प्रामुख्याने दिसतात: ११० मि.मी. चकतीचा विजेवरचा मार्बल कटर आणि ३५० मि.मी. चकतीची पेट्रोल करवत. यंत्राला घट्ट धरून एकाच मार्गाने फिरू देणारी चौकट म्हणजे त्याचे स्टँड. कापण्याची शक्ती त्यामुळे वाढत नाही. चकतीची दिशा मात्र हाताऐवजी चौकट ठरवते.

रचना

बिजागरीच्या स्टँडमध्ये यंत्र भुजेवर असते व वरून खाली येते. विटा आणि अरुंद पट्ट्यांना ते सोयीचे. लांब फरशीसाठी यंत्र दोन समांतर दांड्यांवरून सरकते. पेट्रोल करवतीसाठी चाकांची गाडी असते. जमिनीच्या काँक्रीटमध्ये सरळ चर पाडणे हे तिचे काम.

अचूकता

चकती उभ्या रेषेपासून १ अंश कलली, तर २० मि.मी. जाड फरशीच्या कडेत सुमारे ०.३५ मि.मी. फरक पडतो, सांध्यात तो सहज झाकला जातो. फरशी टेकवायची पट्टी तेवढीच तिरकी असेल, तर ६०० मि.मी. लांबीत काप सुमारे १० मि.मी. सरकतो. म्हणून स्टँड जोडल्यावर गुनिया आधी या पट्टीला लावावा. भुजेच्या बिजागरीत ढिलाई असेल, तर पट्टी कितीही काटकोनात असली तरी उपयोग नाही.

चकतीवरील परिणाम

मिनिटाला १३,००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या ११० मि.मी. चकतीची कड सेकंदाला सुमारे ७५ मीटर वेगाने धावते. तिचे हिऱ्याचे कण धातूच्या मिश्रणात बसवलेले असतात; धातू झिजतो तसे नवे कण उघडे पडतात. कठीण ग्रॅनाइटला मऊ बंध आणि खरखरीत वालुकाश्माला कठीण बंध लागतो तो यामुळेच. चकती सरळ कापण्यासाठी घडवलेली असते. हात वळला की तिच्या बाजू घासतात, ती तापते, वाकते. चौकट हे वळणे रोखते. मात्र फरशीला फक्त दोन टोकांना आधार असेल, तर कापताना मधला भाग खचतो, फट मिटून चकती चिमटली जाते आणि यंत्र उसळते. खालचे पूर्ण टेकण म्हणूनच स्टँडचा महत्त्वाचा भाग आहे.

पाणी आणि धूळ

ग्रॅनाइट आणि वालुकाश्मातील स्फटिकी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कापाच्या जागी सतत पडणारे पाणी धूळ उगमाशीच बांधते. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा प्रशासनाने २०१६ मध्ये केलेल्या नियमात मूळचीच पाणीव्यवस्था असलेल्या स्थिर करवतीसाठी श्वसनसंरक्षक बंधनकारक नाही. हातात धरलेल्या करवतीसाठी, पाणी असूनही, बंदिस्त जागेत तो बंधनकारक आहे. हातयंत्र स्टँडवर चढवल्याने ही सवलत आपोआप मिळत नाही, कारण पाणीव्यवस्था मूळ यंत्राचा भाग असावी ही त्यातली अट आहे. पाणी आणि वीज एकत्र आल्यामुळे ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा स्विच हवाच.

उलटा कटर

प्लायच्या फळीत खाच पाडून कटर खालून उलटा बसवणे आपल्याकडे सर्रास चालते. काप सरळ येतो, पण चकतीचे कवच काढावे लागते, बटण कायम चालू स्थितीत अडकवावे लागते आणि पाणी थेट मोटरवर गळते. हात निसटला, तर यंत्र बंद होत नाही. ही पद्धत स्वस्त असली, तरी तिला स्टँडचा पर्याय मानता येत नाही.

मर्यादा

गोलाई, भिंतीतली खाच, बसवलेल्या फरशीतली दुरुस्ती ही कामे स्टँडवर होत नाहीत. खोलीचीही अडचण असते: मार्बल कटर साधारण ३० ते ३४ मि.मी. कापतो आणि स्टँडच्या पत्र्याची जाडी त्यातून वजा होते. ४० मि.मी. जाड शिळा त्यामुळे उलटून दोन्ही बाजूंनी कापावी लागते. शिळेची तीच कड पुन्हा त्याच पट्टीला टेकवली, तरच दोन्ही काप मधोमध एका रेषेत मिळतात.