वारं गेल्यावर रक्त पातळ करायची गोळी : कधी सुरू, कधी बंद?



गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. अंगावरून वारं गेलं तर रक्त पातळ करायची गोळी लगेच द्यायची का? उत्तर आहे, घरी द्यायची नाही. का, ते बघू.

वारं जाणं म्हणजे लकवा, डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काही जणांची मात्र रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलणं अडखळतं. फरक कळतो तो सीटी स्कॅनमध्ये. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. पण आत रक्त वाहत असेल तर तीच गोळी जिवावर बेतू शकते. म्हणून आधी 108 ला फोन, मग स्कॅन, मग गोळी.

गोळी कधी सुरू होते?

• गुठळी आहे, रक्तस्राव नाही : साधारण 24 ते 48 तासांच्या आत.

• गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं असेल (हे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात) : बहुधा 24 तास थांबून, पुन्हा स्कॅन करून. त्यामुळे "गोळी का देत नाहीत?" म्हणून घाबरू नका.

• मेंदूत रक्तस्राव : गोळी बंद. पेशंटला आधीपासून ही गोळी चालू असेल तर दवाखान्यात पोचताच सांगा, पाकीट सोबत न्या.

बंद म्हणजे कायमची बंद असंही नाही. ब्रिटनमध्ये अशा 537 पेशंटचा अभ्यास झाला, तो 2019 साली छापून आला. गोळी पुन्हा सुरू केलेल्यांमध्ये परत रक्तस्राव होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण तिथे गोळी डॉक्टरांनी तपासून, बऱ्याचदा काही आठवडे-महिने उलटल्यावर सुरू केली होती. घरातलं जुनं पाकीट काढून आपणच सुरू करणं वेगळं.

उलट चूकही होते. हिरडीतून थोडं रक्त आलं, किंवा पैसे नाहीत, म्हणून गोळी सोडली जाते. मग पुन्हा गुठळी व्हायचा धोका वाढतो. सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात चौकशी करा, गटात बोला. अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी असतं. मात्र डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, किंवा अचानक डोकं फुटेल असं दुखणं, यांपैकी काहीही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

सुट्टी मिळताना तीन गोष्टी विचारून कार्डावर लिहून घ्या :

1. गुठळी होती की रक्तस्राव?
2. गोळी कोणती, कोणत्या तारखेपासून, किती दिवस?
3. परत दाखवायला कधी यायचं?

लिहिता येत नसेल तर नर्सताईंना लिहून द्यायला सांगा. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.