पाटीचा भाव कसा ठरवावा?

दुकानाच्या पाट्या, नामफलक, व्हिनाइलची अक्षरे करून देणारे अनेक होतकरू तरुण दिवसभर राबतात. पण महिनाअखेर हाती काही उरत नाही. मालाच्या किमतीवर थोडे पैसे चढवून ते भाव सांगतात, स्वतःची मजुरी हिशेबात धरतच नाहीत.

समजा, एका पाटीला पत्रा, रंग व व्हिनाइल मिळून ६०० रुपये लागले. मापे घेणे, अक्षरे आखणे व पाटी बसवणे यांची मजुरी ३०० रुपये. जाणे-येणे, वीज व हत्यारांची झीज १०० रुपये. एकूण खर्च १,००० रुपये. त्यावर २५ टक्के नफा चढवला की भाव १,२५० रुपये होतो. मात्र हे २५० रुपये विक्रीच्या २० टक्केच भरतात. म्हणजे ओळखीच्या गिऱ्हाइकाला २० टक्के सूट दिली, की सगळा नफा गेला!

पाटी लहान असली तरी फेऱ्या तेवढ्याच पडतात. तेव्हा चौरस फुटाच्या दराबरोबरच प्रत्येक कामाची किमान रक्कम ठरवावी. मजकूर लेखी मंजूर करून घ्यावा व विसार घेऊनच काम सुरू करावे. मजुरी म्हणजे नफा नव्हे. ती आपल्या श्रमाची किंमत आहे. ती आधी धरावी, नफा त्यानंतर.