गाडीतली वीज

आगाशी, निर्मळ, भुईगाव. वसईच्या या गावांतून भाजी आणि फुले मुंबईला जातात. माल भरून टेंपो निघतो. दादरचा फुलबाजार पहाटे भरतो. बाजार कोणासाठी थांबत नाही.

हल्ली टेंपोत काय काय असते! समोर जादा दिवे, आत पंखा, गाणी, शिवाय मोबाइल चार्ज करायची सोय. या सगळ्याला वीज लागते. ती येते कोठून? आणि किती येते? तेच आज आपण पाहू.

वसईच्या वाड्यांत पूर्वी बावखलावर रहाट असे. जनावर चालले की रहाट फिरे आणि पाणी वर येई. जनावर थांबले की पाणी बंद. गाडीतही असाच एक रहाट असतो. त्याला अल्टरनेटर म्हणतात. काही ड्रायव्हर त्याला डायनामोच म्हणतात. इंजिन पट्ट्याने त्याला फिरवते. त्यात चुंबक फिरतो. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. चुंबक फिरला की तारेत वीज तयार होते.

हे तत्त्व इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढले. फॅरडे हे लोहाराचे पोर. शाळा फार झाली नाही. पुस्तके बांधायच्या दुकानात ते कामाला होते. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले.

आता बॅटरी कशासाठी? बॅटरी म्हणजे टाकी. गाडी चालते तेव्हा अल्टरनेटर दिव्यांना वीज देतो आणि उरलेली वीज टाकीत भरतो. इंजिन बंद केले की भरणे थांबते. मग जे काही चालते, ते टाकीतून चालते. इंजिन सुरू आहे पण गाडी उभी आहे, तेव्हाही रहाट हळू फिरतो. वीज कमीच येते.

म्हणून विजेचा जमाखर्च मांडावा. तो सोपा आहे. लहान टेंपोची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट लागतात. दिव्यावर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. त्याला १२ ने भागा. येईल तो खर्च, अँपियरमध्ये. ६० वॅटचा एक दिवा ५ अँपियर घेतो. असे चार जादा दिवे लावले की झाले २० अँपियर! २४ वॅटचा पंखा मात्र २ अँपियरच घेतो. अल्टरनेटर किती अँपियर देतो ते मेकॅनिकला विचारा. गाडीचा स्वतःचा खर्च आधी वजा करा. उरेल त्यातच जादा वस्तू बसवा.

आता समजा, रात्री महामार्गावर वसईच्या खाडीपुलाजवळ गाड्या अडकल्या. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिन बंद केले. दिवे, पंखा, गाणी चालूच. खर्च १० अँपियर. बॅटरी ६० अँपियर-तासांची, म्हणजे नवी आणि भरलेली असली तरी फार तर पाच-सहा तासांची. जुनी असेल तर त्याआधीच संपेल. आणि इंजिन सुरू करायला स्टार्टरला क्षणभर शंभराहून जास्त अँपियर लागतात, बरे का! रस्ता मोकळा झाला, पण गाडी सुरू होईना. पहाट गेली, बाजार गेला. फुले कोमेजली ती कोण घेणार?

यावर उपाय आहे. जादा वस्तू रिलेवर जोडून घ्या. चावी बंद केली की त्याही बंद होतील. खाण्याच्या गाडीला इंजिन बंद असताना दिवे हवेच असतात. तिने दुसरी बॅटरी बसवावी. गाडी चालताना दोन्ही भरतात. गाडी उभी असताना दिवे दुसरीवर चालतात. स्टार्टरची बॅटरी शाबूत राहते.

आगीचेही भय असते. बारीक तारेतून जास्त वीज नेली की तार तापते. वरचे प्लास्टिक वितळते आणि ठिणगी पडते. म्हणून तार पुरेशी जाड घ्यावी आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवावा. फ्यूज म्हणजे विजेचा पहारेकरी. वीज जास्त झाली की तो स्वतः जळतो, गाडीला वाचवतो. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा चांदी घालू नका. उडाला का, ते शोधा.

गाडी चालताना समोर बॅटरीचे लाल चिन्ह पेटले तर समजा, वीज भरत नाही. पट्टा सैल झाला असेल किंवा तुटला असेल. जादा वस्तू बंद करा आणि लगेच मेकॅनिक गाठा.

शेवटी एवढे ध्यानात ठेवा. ही वीज फुकट नाही. ती डिझेलमधूनच येते. रहाट जेवढे देतो, तेवढेच खर्चावे. टाकी अडीअडचणीसाठी राखावी. घरचा संसार आपण असाच चालवतो, नाही का?