माका, मला, मेरे को

मुंबईत लालबाग-परळच्या चाळींत जरा कान देऊन ऐका. घरात 'आजये, माका भूक लागली' म्हणणारा मुलगा तासाभराने शाळेत 'बाई, मला समजलं नाही' म्हणतो आणि संध्याकाळी फळवाल्याला 'मेरे को एक किलो दो'. कुणी शिकवत नाही. समोरचा माणूस बदलला की बोली बदलते. भाषाशास्त्रात याला कोड-स्विचिंग म्हणतात.

इथे हे मुरलं ते कापड गिरण्यांमुळे. कोकणातला माणूस घाटावरच्या कामगाराशेजारी उभा राहून काम करायचा. खोलीत कोकणातली मालवणी, गिरणीच्या खात्यात सगळ्यांची मिळून एक मराठी.

शेजाराने भाषा अशा जवळ येतात, हे इतरत्रही दिसलं आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाड गावावर लिहिलं. तिथे मराठी, कन्नड, उर्दू रोज कानावर पडून त्यांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली होती, शब्द मात्र ज्या त्या भाषेचे!

मुंबईत मात्र चारचौघांत मालवणी बोलायला अनेकजण लाजायचे, ही मला फार मोठी हानी वाटते. म्हणून १९८० साली आलेलं गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे नाटक मला मोलाचं वाटतं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, तेही मालवणीतच.

तुमच्या घरची बोली कोणती? कुणासमोर ती आपोआप बदलते?