सांडपाण्याचा पुढील खर्च

प्राचीन मराठीत ‘सांडणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ टाकून देणे, त्यागणे असा होता. ‘सांडपाणी’ ह्या शब्दात तो अद्याप जागा आहे, आणि आपल्या ग्रामपंचायतींच्या हिशेबांतही. जे टाकून दिले त्याच्या पुढील खर्चाची तरतूद सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच खर्च होय.

स्वच्छ भारत (ग्रामीण) योजनेच्या २०२० साली मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी-व्यवस्थेकरिता पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावास दरडोई २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावास ६६० रुपये अशी मर्यादा ठरली. त्यांतील तीस टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालावयाचे होते. हे भांडवल एकदाच मिळते.

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या गावी भुयारी गटारे घालणे सहसा परवडणारे नसते. तेथे घरोघरच्या शौचटाक्या नियमाने उपसणे हाच व्यवहार्य मार्ग. समजा, बोर्ली व शेजारच्या दिवेआगर आदी गावांनी मिळून पंधरा लाखांची उपसा-गाडी घेतली आणि खाऱ्या हवेत ती दहा वर्षे टिकली. महागाई सालीना पाच टक्के धरल्यास नव्या गाडीस सुमारे साडेचोवीस लाख लागतील. सहा टक्के व्याजाने ती रक्कम उभी करावयाची, तर दरवर्षी सुमारे १ लाख ८५ हजार रुपये बाजूस ठेवावे लागतील. चालकाचा पगार आणि इंधन ह्यांखेरीज हे! निव्वळ रोख जमाखर्चाच्या वहीत घसाऱ्यास रकाना नसतो. म्हणून दहा वर्षे शिल्लक दिसते आणि अकराव्या वर्षी गाडी बंद पडते.

ह्या प्रश्नाचे उत्तर विश्वकोशामुळे आपणांस परिचित असलेल्या वाई नगरीने शोधले आहे. तेथे २०१८ पासून प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसण्याची पद्धत सुरू झाली. मालमत्तांवर स्वच्छता कर बसविला, ठेकेदारास कामगिरीनुसार मोबदला दिला, आणि तो थकू नये म्हणून स्वतंत्र एस्क्रो खाते राखले. टाकी तुंबल्यावर घरमालकाने द्यावयाच्या अनिश्चित रकमेचे रूपांतर त्यामुळे ठराविक वार्षिक उत्पन्नात झाले. दीर्घ मुदतीच्या नियोजनाचा पाया तो हाच.

वाईचा आराखडा किनाऱ्यावर जसाच्या तसा मात्र उतरविता येणार नाही. पावसाळ्यात येथे भूजल वर येते आणि वाड्यांतून गाडी जाणे दुरापास्त होते. तीन हजार टाक्या असल्या, तर वर्षाच्या एक हजार टाक्या आठ महिन्यांतच, म्हणजे दोनशे कामाच्या दिवसांत रोज पाच ह्या गतीने, उपसाव्या लागतील. बाराही महिने काम चालते असे मानून काढलेला दर येथे तोट्याचा ठरेल. त्यातच दिवेआगरच्या निवासगृहांच्या टाक्या हंगामात लवकर भरतात. त्यांच्यावर घरांइतकाच कर बसविल्यास पर्यटकांचा भार बोर्लीच्या कुटुंबांवर पडेल. गाडी घेण्यापूर्वी पंचायतींनी हा वाटा लेखी करारात ठरविणे आवश्यक आहे.