पदरच्या पैशानें काढलेली ध्वनिमुद्रिका

ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहराच्या टिजुका भागांत एक मुलगा घरीं रांधलेल्या जेवणाचे डबे गिऱ्हाइकांकडे पोंचवीत असे. सेबास्तियांव रोद्रिगिस माया हें त्याचें नांव. (आपल्या वेदान्तांतील मायेशीं या आडनांवाचा संबंध नाहीं.) १९५९ सालीं तो अमेरिकेंत गेला, तेथील कृष्णवर्णीय गायकांची ढब त्यानें आत्मसात् केली, आणि मायदेशीं परतल्यावर 'टिम माया' या नांवानें तो विख्यात झाला.

१९७४ सालीं आर. सी. ए. या बड्या कंपनीसाठीं त्याच्या नव्या गाण्यांचें मुद्रण चाललें होतें. वाद्यांचा भाग मुद्रित झाला होता. इतक्यांत 'कुल्तुरा रासियोनाल' नामक पंथाचा ग्रंथ त्याच्या हातीं पडला. मनुष्य मूळचा दुसऱ्या एका लोकांतला असून या ग्रंथाच्या पठणानें त्याला तेथें परत जातां येतें, अशी त्यांतील शिकवण. टिम मायाची तिच्यावर श्रद्धा जडली. त्यानें मद्य व मादक पदार्थ सोडले, शुभ्र वस्त्रें धारण केलीं आणि त्याच वाद्यमेळावर पंथाची महती गाइली.

कंपनीनें तीं गाणीं नाकारलीं. व्यापारी दृष्टीनें तिला दोष देतां येणार नाहीं. प्रेमगीतांच्या गिऱ्हाइकाला प्रवचन कोण विकणार? तेव्हां टिम मायानें मुद्रित फिती पदरच्या पैशानें विकत घेतल्या. आपल्या तिन्ही नांवांचीं आद्याक्षरें जोडून त्यानें 'सेरोमा' ही स्वतःची संस्था काढली होती. तिच्यातर्फे १९७५ सालीं 'रासियोनाल'चा पहिला भाग निघाला व मागाहून दुसरा. बड्या कंपनीजवळ तबकड्यांबरोबरच दुकानदारांची साखळी आणि नभोवाणीवरील वशिलाही असतो. सेरोमाजवळ तो नव्हता, त्यामुळें खप बेताचाच झाला. परंतु व्यसनमुक्तीमुळें कंठ असा कांहीं खुलला होता कीं, हें त्याचें सर्वोत्तम गायन होय असें अनेक जाणकार मानतात. मलाही तसेंच वाटतें, शब्द कितीही विलक्षण असोत.

लवकरच त्याचा भ्रमनिरास झाला. गुरूवरील विश्वास उडतांच त्यानें पंथ सोडला, उरलेल्या तबकड्या विक्रींतून काढून घेतल्या आणि तीं गाणीं गाण्याचें टाकलें. कंपनी मालक असती, तर गायकाचें मन फिरलें म्हणून तिनें माल मागें घेतला असता काय? येथें मालक तोच होता, त्याला अडविणारा कोणी नव्हता. जुन्या प्रती मात्र संग्राहक भारी किंमत देऊन मिळवूं लागले.

१९९८ सालीं टिम माया निवर्तला. पहिला भाग २००६ सालीं पुन्हा प्रसिद्ध झाला, तोंवर पंथाशीं कांहींएक कर्तव्य नसलेली, केवळ त्या आवाजासाठीं तो ऐकणारी तरुण पिढी तयार झालेली होती.